फॉर्मवरची ‘कॅटेगरी’ : डिजिटल स्पर्धांचे रकाने नेमकं काय विचारतात?

दिवाळीची सुट्टी संपली, की नाशिकमधल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्पर्धांच्या पीडीएफ यायला लागतात. पूर्वी त्यात चित्रकला, रांगोळी, निबंध, वक्तृत्व एवढंच असायचं. आता खाली आणखी एक पान असतं : डिजिटल पेंटिंग, ग्राफिक डिझाइन, फोटोग्राफी, फोटो मॅनिप्युलेशन, अॅनिमेशन, मोशन ग्राफिक्स, शॉर्ट फिल्म, डॉक्युमेंटरी, इंटरअॅक्टिव्ह मीडिया. शेवटी ठळक अक्षरांत, ‘एक प्रवेशिका एकाच विभागात’. विषय बहुधा गोदावरी, घाट नाहीतर कुंभमेळा. २०२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर असल्यावर दुसरं काय असणार!

मग ग्रुपवर प्रश्न सुरू होतात. मुलीने टॅबवर रामकुंडाचं चित्र काढलंय, पण वर ‘गोदामाई वाचवा’ असं लिहिलंय. हे पेंटिंग की पोस्टर? मुलाने मोबाइलवर शूट केलंय आणि मध्ये मध्ये अक्षरं हलतात. ही फिल्म की मोशन ग्राफिक्स? शेवटी कोणीतरी म्हणतं, ‘काहीही टाका हो, काय फरक पडतो.’ मी अशा स्पर्धांना अधूनमधून परीक्षक म्हणून बसतो. फरक पडतो. चांगलं काम भलत्या रकान्यात पडलं, की ते हरतंच.

रकाना म्हणजे परीक्षकाचा प्रश्न

ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली आहे त्यांना ही गोष्ट नवी नाही. शासकीय रेखाकला परीक्षेत पेन्सिल तीच, रंग तेच, हात तोच. पण वस्तुचित्राच्या पेपरला तांब्याचा आकार आणि त्याची पडछाया बघतात, स्मरणचित्राला प्रसंग आणि माणसांची मांडणी, संकल्पचित्राला आकारांची लय आणि रंगसंगती. वस्तुचित्राच्या पेपरात तांब्या सोडून कोणी देखणी नक्षी काढली, तर तिचं कौतुक होईल, गुण मिळणार नाहीत.

डिजिटल विभागांचंही तेच आहे. गोंधळ होतो तो सॉफ्टवेअरमुळे. फोटोशॉपमध्ये चित्रही काढता येतं, पोस्टरही करता येतं, फोटोही सुधारता येतो आणि दोन फोटोंचा मिलाफ करून तिसरंच काही घडवता येतं. त्यामुळे ‘कशात केलं’ या उत्तरावरून विभाग ठरत नाही. विभाग ठरतो तो यातलं तुम्ही काय घडवलंत आणि बघणाऱ्याने त्याकडे काय म्हणून बघायचं, यावरून.

एकच रहाड, अनेक रकाने

उदाहरण नाशिकचंच घेऊ. बाहेरगावच्यांसाठी सांगतो : रहाड म्हणजे जुन्या नाशकात जमिनीखाली बांधलेला, पेशवेकालीन मानला जाणारा मोठा हौद. वर्षभर तो मातीखाली बंद असतो. रंगपंचमीला उघडतात, रंगाच्या पाण्याने भरतात आणि मंडळी त्यात उड्या मारतात. त्याला ‘धप्पा’ म्हणतात. उडालेलं पाणी आजूबाजूच्या गर्दीला भिजवून टाकतं.

समजा दहावीतल्या एका मुलीला या रहाडीवर काम करायचं आहे.

तिने टॅबवर स्टायलसने, म्हणजे पडद्यावर चालणाऱ्या पेनाने, धप्पा मारणारा माणूस रंगवला, तर ते डिजिटल पेंटिंग. परीक्षक बघेल ती रेषा, अंगाची ठेवण, उडणाऱ्या पाण्यावरचा प्रकाश. इथे कागदावरच्या चित्राला लावायचीच फूटपट्टी लागते. फक्त कागदाच्या जागी पडदा आला.

तिने त्याच माणसाची साधी आकृती करून वर ‘रंगपंचमी, शनी चौक, दुपारी’ असं लिहिलं आणि लोकांना बोलावणारा फलक केला, तर ते ग्राफिक डिझाइन. आता प्रश्न बदलला. दहा फुटांवरून वाचता येतं का? नजर आधी कुठे जाते? अक्षर आणि चित्र भांडतात का? माझा अनुभव असा, की मुलं या विभागात फार सुंदर चित्र पाठवतात आणि ठिकाण-वेळ कोपऱ्यात, जांभळ्यावर निळ्या अक्षरांत. चित्राला शंभरपैकी नव्वद, पोस्टरला तीस. म्हणून ‘गोदामाई वाचवा’वाल्या आईला माझं उत्तर : ती अक्षरं झाकून बघा. चित्र तरीही पूर्ण वाटलं तर ते पेंटिंग आहे, अक्षरं काढून टाका. अर्धवट वाटलं तर पोस्टर आहे, अक्षरांवर आणखी दोन दिवस घाला.

धप्प्याचा क्षण कॅमेऱ्याने पकडला तर फोटोग्राफी. त्या फोटोत मागच्या वाड्याच्या जागी काळाराम मंदिर आणून बसवलं, तर फोटो मॅनिप्युलेशन. तो कमी प्रतीचा प्रकार नाही, फक्त वेगळा आहे. माणूस चित्रांमधून हलवला तर अॅनिमेशन. रहाड उघडणाऱ्या मंडळींना बोलतं केलं तर डॉक्युमेंटरी. रहाडीवरून दोन भावांचं भांडण मिटल्याची गोष्ट रचली आणि मित्रांकडून करवून घेतली तर शॉर्ट फिल्म. जुन्या नाशकाचा नकाशा केला, रहाडीवर बोट ठेवलं की तिथला आवाज ऐकू येतो, तर इंटरअॅक्टिव्ह मीडिया. या शेवटच्यात परीक्षक स्वतः बोट ठेवून बघतो, आणि कुठलं बटण चालत नाही हे त्याला पहिल्या मिनिटात कळतं.

ठिपके आणि रेघा

स्थिर चित्राच्या विभागांत दोन तांत्रिक शब्द अडवतात : रास्टर आणि व्हेक्टर. दारातली ठिपक्यांची रांगोळी आठवा. रांगोळी काढून झाल्यावर तिचा फोटो काढला आणि तो भिंतीएवढा मोठा केला, तर कडा फुटतात, चौकोनी कण दिसायला लागतात. हे रास्टर : रंगीत कणांनी, म्हणजे पिक्सेलनी, बनलेलं चित्र. आता आजीच्या वहीतली सूचना घ्या : सात ते एक ठिपके, हा त्याला जोडा, इथे पाकळी. या सूचनेवरून रांगोळी पाटाएवढी काढा की अंगणाएवढी, रेघ स्वच्छच येते. हे व्हेक्टर. फोटो आणि रंगवलेली चित्रं रास्टर असतात. बोधचिन्ह, अक्षरं, सपाट आकार व्हेक्टरमध्ये केलेले बरे. वारलीतल्या त्रिकोण-वर्तुळाच्या आकृत्या व्हेक्टरमध्ये झकास उतरतात. मात्र हातच्या वारलीत तांदळाच्या पिठाची रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. ती गंमत इथे जाते, हे लक्षात ठेवून करा.

याचा रोकडा परिणाम छपाईत दिसतो. नियमावलीत ‘ए३, ३०० डीपीआय’ असं असतं. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. ए३ कागद साधारण ११.७ बाय १६.५ इंच, म्हणजे चित्र ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलचं हवं. इन्स्टाग्रामसाठी केलेलं १०८० पिक्सेल रुंदीचं चित्र तेवढ्या कागदावर ताणलं, तर इंचाला जेमतेम ९२ ठिपके उरतात. पडद्यावर काचेसारखं दिसलेलं चित्र प्रदर्शनाच्या भिंतीवर धुरकट येतं ते यामुळे. नंतर डीपीआयचा आकडा ३०० करून काही होत नाही. नसलेले कण सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. कॅनव्हास सुरुवातीलाच मोठा घ्यायचा.

फोटो किती ‘सुधारला’ तर फोटो राहतो?

या प्रश्नाने भल्याभल्यांना घाम फोडला आहे. फोटोग्राफी विभागात कातरणं, उजेड कमी-जास्त करणं, रंग थोडे सावरणं बहुतेक ठिकाणी चालतं. काहीतरी आणून बसवणं किंवा असलेलं पुसून टाकणं चालत नाही. रामकुंडावरच्या फोटोतली विजेची तार मोबाइलमध्ये बोटाने पुसली, की तुम्ही नकळत रकाना ओलांडलात. नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं नसेल तर विचारा, आणि मूळ फाइल जपून ठेवा. कॅमेऱ्याने फोटोसोबत नोंदवलेली वेळ, लेन्स, शटरची माहिती तिच्यात असते. शंका आली की परीक्षक तीच मागतात.

मग आलं एआय, आणि रकान्यांच्या भिंतीच हलल्या. तीन प्रकरणं सांगतो, तिन्ही परदेशातली.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत, नवोदित कलाकारांच्या डिजिटल विभागात जेसन अॅलन यांच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. रक्कम ३०० डॉलर. चित्र मिडजर्नी या, शब्दांत सूचना दिली की चित्र तयार करून देणाऱ्या, एआय साधनाने केलेलं होतं आणि त्या साधनाचं नाव त्यांनी प्रवेशिकेवर दिलंही होतं. परीक्षकांना ते नाव म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. गहजब झाला, पण नियम मोडलेला नव्हता, कारण त्या विभागाची व्याख्याच इतकी सैल होती. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने त्या चित्राची नोंदणी नाकारली. अॅलन यांनी शेकडो वेळा सूचना बदलल्याचं सांगूनही.

२०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन या जर्मन छायाचित्रकाराने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सच्या खुल्या स्पर्धेत ‘क्रिएटिव्ह’ विभागात मिळालेलं बक्षीस नाकारलं आणि जाहीर केलं, की प्रतिमा एआयची आहे. अशा स्पर्धा याला तयार आहेत का, हे त्यांना तपासायचं होतं.

तिसरं प्रकरण माझं आवडतं. २०२४ मध्ये माइल्स अॅस्ट्रे यांनी उलटी चाल खेळली. एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या एआय विभागात त्यांनी खराखुरा फोटो पाठवला : मान पोटाखाली घालून अंग खाजवणारा फ्लेमिंगो, त्यामुळे पक्ष्याला डोकंच नसल्यासारखं दिसतं. परीक्षकांनी त्याला तिसरा क्रमांक दिला, लोकांच्या मतदानात तो पहिला आला. सत्य कळल्यावर बाद झाला. अस्सल फोटो, पण भलत्या रकान्यात.

‘मग एआय वापरलं की बाद?’

सरसकट नाही. पण नियमावली गप्प असली म्हणजे परवानगी आहे, असंही धरू नका. माझ्यापुरता मी असा भेद करतो : विभाग ज्या कौशल्याबद्दल विचारतो, तेच कौशल्य यंत्राने पुरवलं का? डॉक्युमेंटरीतल्या आवाजाची घरघर एआयने कमी केली, तर विचारलेला प्रश्न शाबूत राहतो; विषयाची निवड, मुलाखत, संकलन मुलांचंच आहे. डिजिटल पेंटिंगमध्ये चित्रच एआयने काढलं, तर परीक्षकाने तपासायचं तरी काय? पोस्टरची पार्श्वभूमी एआयची आणि अक्षरमांडणी स्वतःची, ही मधली जागा. तिथे सांगून टाकणं हाच मार्ग.

‘परीक्षकाला कळणार कसं?’ असं मुलं विचारतात. नेहमी कळतंच असं नाही, आणि एआय ओळखणाऱ्या साधनांवर मी तरी कोणाच्या मुलाला खोटं ठरवणार नाही. ती साधनं चुकतात. पण मी लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक रचलेले थर, असलेली फाइल मागतो. चित्रकाराच्या फाइलमध्ये कच्चं रेखाटन सापडतं, लपवलेला फसलेला हात सापडतो, ‘लेयर २७ कॉपी कॉपी’ सापडतं. ते बघून मन निवतं. आयत्या प्रतिमेच्या फाइलमध्ये एकच सपाट लेयर असतो आणि मुलाला विचारलं, की हा घाट कुठला, तर तो आईकडे बघतो.

हलणारी चित्रं

त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा पहिला चित्रपट काढण्याआधी एक छोटी फीत केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा रोखून ठेवला आणि अंकुराची वाढ थोडी थोडी करून टिपली. महिन्याभराची वाढ मिनिटभरात दिसली. ती पाहून त्यांना चित्रपटासाठी कर्ज देणारे मिळाले.

आजच्या फॉर्मवर ही फीत कुठे बसेल? झाड आपोआप वाढतंय, आपण फक्त मधला काळ गाळतोय. हे टाइम-लॅप्स, म्हणजे चित्रीकरणाचा प्रकार. ते व्हिडिओ विभागात जावं. त्याच कुंडीत मातीचं रोप ठेवून दर चौकटीला, म्हणजे फ्रेमला, हाताने थोडं वाकवलं असतं, तर ते स्टॉप-मोशन, आणि ते अॅनिमेशनमध्ये. हालचाल निसर्गाने केली की तुम्ही, एवढंच बघायचं.

अॅनिमेशन निवडणाऱ्यांनी आधी हिशेब करावा. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटी टिकवलं, ही रूढ पद्धत आहे, तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. अर्ध्या मिनिटाला ३६०. सहामाही आणि प्रिलिमच्या मध्ये हे एकट्याने होत नाही. दहा सेकंदांचा नेटका धप्पा दोन मिनिटांच्या अडखळत्या गोष्टीपेक्षा कधीही बरा. अक्षरं, आकडे, नकाशे, बाण हलवून माहिती सांगायची असेल तर मोशन ग्राफिक्सचा रकाना आहे. गंगापूर धरणाचं पाणी घराच्या नळापर्यंत कसं येतं, हा विषय तिथे शोभेल. पात्रात जीव ओतायचा असेल तर अॅनिमेशन.

गाणं कोणाचं?

सर्वाधिक व्हिडिओ इथे बाद होतात. कॉपीराइट म्हणजे निर्मितीवरचा कायदेशीर हक्क. भारतात १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखन आणि संगीतरचनेवरचा हा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले. त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत आहे. बालकवी १९१८ मध्ये गेले. त्यांच्या कविता केव्हाच खुल्या झाल्या. ‘आपल्या नाशिकचेच कवी’ म्हणून सूट मिळत नाही.

यात एक खाचखळगा आहे. शब्दांवरचा हक्क वेगळा, चालीवरचा वेगळा आणि रेकॉर्डिंगवरचा त्याहून वेगळा. टाकळीला तप केलेल्या समर्थ रामदासांची आरती कोणीही म्हणावी. पण एखाद्या कंपनीचं तिचं रेकॉर्डिंग उचलून व्हिडिओखाली लावलं, तर तो त्या कंपनीचा हक्क. घरच्यांनी म्हणून मोबाइलवर टिपा, प्रश्न मिटला. शिकवताना, वर्गात वापरण्यासाठी कायद्यात सवलत आहे. स्पर्धेनंतर तोच व्हिडिओ यूट्यूबवर चढवला, की ती सवलत सोबत येत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवाने असलेलं संगीत चालतं, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर वापरू दिलेलं. त्यात नाव देण्याची अट बहुधा असतेच.

माणसांचंही तसंच. घाटावर स्नान करणाऱ्यांचे, विशेषतः बायकांचे, फोटो न विचारता काढू नका. कितीही ‘नॅचरल’ आले तरी मी ते बाजूला ठेवतो. आणि ड्रोन! २०२१ च्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला बऱ्याच सवलती आहेत, पण रेड झोनमध्ये, म्हणजे उड्डाणाला बंदी असलेल्या भागात, त्यालाही परवानगी लागते. देवळालीचा लष्करी भाग, ओझरचा विमानतळ, नाशिकरोडची नोट प्रेस असलेल्या शहरात झोनचा नकाशा बघितल्याशिवाय ड्रोन वर नेऊ नये. सोमेश्वरचा धबधबा जमिनीवरूनही चांगलाच दिसतो.

‘ही श्रीमंतांच्या मुलांची स्पर्धा’

हा आक्षेप मी शहरातही ऐकतो, पेठ-सुरगाण्याच्या शिक्षकांकडूनही. अर्धा खरा आहे. दहा इंची टॅब असलेल्या मुलाला सराव जास्त मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण महागड्या सॉफ्टवेअरचं कारण आता उरलेलं नाही. चित्रासाठी क्रिटा, व्हेक्टरसाठी इंकस्केप, फोटोसाठी गिंप, थ्रीडीसाठी ब्लेंडर, आवाजासाठी ऑडॅसिटी. पाचही फुकट आणि कायदेशीर. शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर ब्लेंडर रडेल, इंकस्केप चालेल. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी डॉक्युमेंटरीकडे बघावं. तिथे परीक्षक विचारतो, तू कुणाला बोलतं केलंस? येवल्यात मागावर बसणाऱ्या काकांपर्यंत ज्याला पोचता येतं, त्याच्याकडे शहरी मुलाकडे नसलेली गोष्ट आहे. एक करा : बोलणाऱ्याच्या खिशाजवळ दुसरा मोबाइल ठेवून आवाज वेगळा टिपा. हललेलं चित्र परीक्षक सोसतो, न ऐकू येणारा आवाज नाही.

चार ओळी आणि एक लिंक

फॉर्मच्या शेवटी ‘कामाबद्दल थोडक्यात’ असा रकाना असतो. बहुतेक जण तिथे ‘नदी ही आपली माता आहे, तिचे रक्षण करणे आपले कर्तव्य आहे’ असं लिहितात. ते निबंधात ठीक. इथे असं लिहा : ‘रहाडीचे संदर्भफोटो मी स्वतः काढले. चित्र क्रिटामध्ये हाताने रंगवलं. मागच्या वाड्याचा पोत मोफत संग्रहातून घेतला. एआय वापरलेलं नाही.’ विभागाबद्दल शंका असेल तर हेच वाचून संयोजक प्रवेशिका योग्य रकान्यात हलवू शकतात, आणि पुष्कळदा हलवतातही.

फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ती आकसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओची ड्राइव्ह लिंक दिलीत, तर ‘लिंक असलेल्या कोणालाही बघता येईल’ हा पर्याय निवडलाय का, ते दुसऱ्याच्या मोबाइलवरून उघडून खात्री करा. परीक्षणाच्या दिवशी दर वेळी काही प्रवेशिकांच्या जागी ‘परवानगी मागा’ एवढंच पान उघडतं. आम्ही मागतो. ती मिळेपर्यंत बऱ्याचदा निकाल लागलेला असतो.